बांडगूळ नव्हे, आमरी
बियांपासून तिची रोपे कशी करावीत

सातारा जिल्ह्यातील जावळी, पाटण व महाबळेश्वर आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा या तालुक्यांत पावसाळा तोंडाशी आला की जुन्या आंब्या-जांभळांच्या फांद्यांवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. झाड आंब्याचे, पण फूल आंब्याचे नव्हे. गुराख्यांची मुले ते घोस तोडून डोक्यात माळतात, आणि बागेचा मालक मात्र खाली उभा राहून म्हणतो, "झाडाला बांडगूळ लागले, कोयता आणा."

या एका गैरसमजाने दरवर्षी पुष्कळ निरपराध वनस्पतींचा नाश होतो. फांदीवरील ही वनस्पती बांडगूळ नसून आमरी आहे. शहरात तिला ऑर्किड म्हणतात, व तिच्याच कुळातील फुले फुलवाल्यांच्या दुकानांत नगावर विकली जातात. आंब्यावरील बांडगूळ काढून टाकावे हा सल्ला योग्यच आहे. परंतु तो देताना दोहोंतील भेद सांगितला गेला नाही, तर शेतकरी एकाच कोयत्याने दोन्ही कापतो. यास्तव प्रथम हा भेद समजून घेऊ, आणि मग या लहान चणीच्या, उष्ण हवेत वाढणाऱ्या आमरीची रोपे बियांपासून कशी तयार करावयाची ते पाहू.

बांडगूळ आणि आमरी यांतील भेद

बांडगुळाचे मूळ फांदीची साल भेदून आतील लाकडात शिरते व झाडाचा रस शोषून घेते. जेथे ते चिकटते तेथे फांदीला गाठ येते, आणि त्यापुढील फांदी हळूहळू वाळत जाते. त्याच्या चिकट फळांचा प्रसार पक्षी करतात.

आमरीचे मूळ लाकडात शिरत नाही. ते सालीवरून पसरते. जाडसर, पांढुरके असते व पावसात त्याचे टोक हिरवे दिसते. हे मूळ अलगद सोडविले तर खालची साल जशीच्या तशी आढळते. आमरीला झाडाकडून केवळ बसावयास जागा हवी असते. पाणी ती पावसाचे व दवाचे घेते, आणि अन्न म्हणून सालीवर साठलेला पालापाचोळा व धूळ तिला पुरते. फांदीला गाठ नसेल, मुळे सालीवर पांढरी दिसत असतील आणि पाने जाड, चामड्यासारखी असतील तर कोयता खाली ठेवावा.

हा घोटाळा आजचा नाही. सपाटीवरही आढळणाऱ्या एका आमरीला शास्त्रज्ञांनी 'वांदा' हे नाव दिले. ते 'वंदा' या संस्कृत शब्दावरून घेतलेले असून, झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतींना तो शब्द लावला जात असे. आमरीवरील परोपजीवीपणाचा आरोप अशा रीतीने तिच्या नावातच राहून गेला आहे.

आपल्या भागातील आमरी

सातारा व सांगली यांच्या पश्चिमेकडील डोंगरपट्टा आमरींचे माहेरघर आहे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि झेड. जे. कपाडिया यांनी जुन्या मुंबई राज्यातील आमरींचा अभ्यास करून १९६६ साली 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णन केलेल्या जमिनीवरील एका आमरीच्या शास्त्रीय नावात पाचगणीचे नाव गुंफलेले आहे: हॅबेनारिया पांचगणीएन्सिस. कासचे पठार, कोयना आणि चांदोली ही स्थळे २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. कोयना व चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे.

झाडावर वाढणाऱ्यांपैकी पुढील जाती लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. ऱ्हिंकोस्टायलिस रेटूसा हिच्या फुलांचा घोस वेणीसारखा दाट व लांब असतो, म्हणून तिला सीतेची वेणी म्हणतात. आसामात हीच आमरी 'कपौ फूल' म्हणून बिहूच्या सणात मुली केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचे राज्यफूल आहे. एरिडिस मॅक्युलोजा ही सुवासिक व गुलाबी ठिपक्यांची असून तिला पावसाळ्याच्या तोंडाशी फुले येतात. डेंड्रोबियम बार्बाट्युलम हिवाळ्याच्या अखेरीस पाने गळाल्यावर पांढऱ्या फुलांनी भरून जाते. डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन ही तर बोटाच्या पेराएवढ्या कंदांची चिमुकली जात आहे. पूर्वेकडील कोरड्या भागात वांदा टेसेलाटा ही काटक जात तग धरते.

नवशिक्यांनी झाडावरच्या जातींपासूनच प्रारंभ करावा. कासच्या पठारावर जमिनीतून उगवणाऱ्या हॅबेनारिया जातींच्या वाटेस जाऊ नये. त्यांचे बी रुजविणे कठीण, व रुजले तरी दर उन्हाळ्यात जमिनीत झोपी जाणारा त्यांचा कंद सांभाळणे त्याहून कठीण असते.

शिदोरीवाचून निघालेले बी

हळदीचे बेणे लावताना शेतकरी भरलेला, जड गड्डा निवडतो. उसाची कांडी लावताना डोळ्याबरोबर पुरेसे पेर ठेवतो. ज्वारीच्या दाण्यात पीठ असते. या प्रत्येकात पुढील काही दिवसांची शिदोरी बांधलेली असते, व मुळे धरेपर्यंत कोंब तिच्यावरच जगतो.

आमरीच्या बियांत ही शिदोरीच नसते. तिची एक शेंग उकलली तर आत पिवळसर धुळीसारखी भुकटी दिसते. त्या भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक बी होय. बहुतेक जातींत बियांची लांबी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते, आणि एका ग्रॅममध्ये कित्येक लाख बिया मावतात. डार्विनने युरोपातील एका आमरीच्या शेंगेत सुमारे ६,२०० बिया असल्याचा हिशेब मांडला होता, आणि तीस शेंगांच्या एका झाडाला १,८६,३०० बिया होतात असे दाखविले होते. आपल्याकडील झाडावरच्या पुष्कळ जातींच्या शेंगेत यापेक्षा किती तरी अधिक बिया असतात. तरीही रान आमरींनी भरून जात नाही, याचे कारण उघड आहे. वाऱ्यावर उडालेल्या लाखो बियांपैकी फारच थोड्यांना अन्न मिळते.

हे अन्न त्यांना एका बुरशीकडून मिळते. फ्रान्समधील तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांना १८९९ साली जंगलात आमरीची उगवती रोपे सापडली. त्या प्रत्येकात बुरशीचे तंतू शिरलेले होते. सालीवरील कुजका पालापाचोळा पचवून ही बुरशी जी साखर मिळविते, तिच्यावर आमरीचा अंकुर पोसला जातो. मिरची-टोमॅटोच्या वाफ्यात रोपे कोलमडवून टाकणारी ऱ्हायझोक्टोनिया बुरशी शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. आमरीला जगविणाऱ्या पुष्कळ बुरश्या तिच्याच जवळच्या नात्यातील आहेत.

यापुढील पाऊल अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नडसन यांनी टाकले. बुरशी जर साखरच पुरवीत असेल, तर ती माणसाने का पुरवू नये, असा त्यांचा विचार होता. १९२२ साली त्यांनी बुरशीवाचून, केवळ क्षार व साखर असलेल्या माध्यमावर आमरीचे बी रुजवून दाखविले. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात होल्टम यांनी १९२८ च्या सुमारास ही पद्धत स्वीकारली, आणि तेथून आग्नेय आशियाच्या उष्ण प्रदेशात आमरीच्या बागायतीला चालना मिळाली. आज आमरीच्या फुलांच्या निर्यातीत थायलंड अग्रेसर आहे.

ऊस व केळी यांची ऊतीसंवर्धित रोपे सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्यास नवीन नाहीत. मात्र एक फरक ध्यानात असावा. केळीची अशी रोपे एकाच झाडाच्या तुकड्यापासून होतात, म्हणून ती सारखी असतात. बियांपासून झालेली आमरीची रोपे भावंडांसारखी असतात. प्रत्येकाचा रंग व वाढ थोडी वेगळी. दुकानासाठी एकसारखी फुले हवी असणाऱ्यास हा दोष वाटेल, परंतु जात टिकविण्यासाठी हाच गुण आहे.

शेंग धरविणे

बी स्वतःच्या परसातील किंवा रोपवाटिकेतून पावतीसह घेतलेल्या झाडाचेच घ्यावे. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती परवान्यावाचून काढणे हा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली गुन्हा आहे. राखीव वनातूनही ती उचलता येत नाही. वादळाने पडलेल्या फांदीवरील आमरी उचलावयाची असली तरी प्रथम वनखात्यास विचारावे.

आमरीच्या फुलात मध्यभागी एक आखूड खांब असतो. त्याच्या टोकाशी टोपीसारख्या झाकणाखाली पिवळे परागपिंड असतात, व थोडे खाली चिकट खळगा असतो. फूल उमलून तीन-चार दिवस झाले म्हणजे सकाळी काडीच्या बारीक टोकाने टोपी उचलावी. परागपिंड काडीला चिकटून येतात. ते त्याच जातीच्या दुसऱ्या झाडावरील फुलाच्या खळग्यात अलगद बसवावेत. डेंड्रोबियमच्या पुष्कळ जातींत स्वतःच्याच परागाने शेंग धरत नाही, व धरली तरी रोपे दुबळी निघण्याचा संभव असतो. म्हणून दोन झाडे असणे इष्ट.

परागण साधले तर एक-दोन दिवसांत फूल कोमेजते व त्यामागील देठ फुगू लागतो. त्यावर तारखेची चिठ्ठी बांधावी. एका झाडावर एकच शेंग ठेवावी. शेंग पोसताना झाड अशक्त होते, आणि एका शेंगेतील बी कितीही बाटल्यांना पुरून उरते.

शेंग पक्व होण्यास जातीनुसार चार महिन्यांपासून दहा-अकरा महिन्यांपर्यंत कालावधी लागतो. ती उकलण्यापूर्वी, हिरवी असतानाच उतरविणे सर्वांत सोयीचे. बंद शेंगेच्या आतील बी निर्जंतुक असते, म्हणून केवळ शेंगेची बाहेरील बाजू निर्जंतुक केली की काम भागते. परंतु फार कोवळी शेंग उपयोगी पडत नाही. पक्व होण्याच्या काळाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उलटलेला असावा. शेंग उकलून गेली असल्यास बी कागदाच्या पुडीत घालून, ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे व बरणी शीतकपाटात ठेवावी. दमट हवेत उघडे राहिलेले बी लवकर निर्जीव होते.

माध्यम तयार करणे

नडसन यांनी १९४६ साली सुधारून दिलेले 'नडसन सी' हे माध्यम आजही वापरात आहे. एक लिटर माध्यमासाठी प्रमाण पुढीलप्रमाणे:

कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम
अमोनियम सल्फेट ०.५ ग्रॅम
मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.२५ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ०.२५ ग्रॅम
फेरस सल्फेट ०.०२५ ग्रॅम
मँगनीज सल्फेट ०.००७५ ग्रॅम
साखर २० ग्रॅम
अगर १२ ते १५ ग्रॅम

शेवटचे दोन क्षार इतके थोडे लागतात की घरगुती काट्यावर त्यांचे वजन होत नाही. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील काटा वापरावा, अथवा शंभर लिटरचे प्रमाण एक लिटर पाण्यात विरघळवून त्यातील १० मिलिलिटर घ्यावे. फेरस सल्फेटचे द्रावण मात्र दर वेळी ताजे करावे. कॅल्शियम नायट्रेट निराळ्या भांड्यात विरघळवून शेवटी मिसळावे. एरवी साका बसतो. पाणी ऊर्ध्वपातित, ते न मिळाल्यास पत्र्यावरून धरलेले स्वच्छ पावसाचे घ्यावे.

द्रावणाचा सामू ५.० ते ५.५ यांच्या दरम्यान असावा. सामू कागदाने तपासून तो जास्त असल्यास पातळ आम्लाचे थेंब घालावेत. नंतर अगर घालून ढवळत उकळावे व चपट्या काचेच्या बाटल्यांत एक-पंचमांश उंचीपर्यंत भरावे. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा बसवून वर कागद बांधावा. या बाटल्या प्रेशर कुकरमध्ये १५ पौंड दाबावर २० मिनिटे ठेवाव्यात. कुकर आपोआप निवल्यावरच उघडावा. घाईने वाफ सोडली तर माध्यम उसळून बोळे भिजतात, आणि भिजलेल्या बोळ्यातून बुरशी आत शिरते. तयार बाटल्या आठवडाभर तशाच ठेवून पाहाव्यात. जिच्यात बुरशीचा ठिपका दिसेल ती बाजूस काढावी.

बी पेरणे

या साऱ्या कामात खरी कसोटी येथे आहे. ज्या साखरेवर आमरीचा अंकुर पोसावयाचा, तिच्यावर हवेतील प्रत्येक बुरशी टपलेली असते. आमरीला पान फुटण्यास महिने लागतात, तर बुरशी तीन दिवसांत बाटली व्यापते. एक कण आत गेला तरी ती बाटली गेलीच.

म्हणून पेरणीसाठी काचेची बंद पेटी करावी. समोर हात घालण्यापुरती दोन भोके व वर तिरपी काच असली म्हणजे पुरे. धान्य साठविण्याची खोली, गुऱ्हाळ, गोठा किंवा हळद वाळविण्याची जागा यांच्याजवळ हे काम करू नये. आदल्या रात्री खोली ओल्या फडक्याने पुसून दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात, आणि पेरणीच्या वेळी पंखा लावू नये. पेटी आतून ७० टक्के स्पिरिटने पुसावी व ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे. बंद पेटीत स्पिरिटची वाफ असताना दिवा पेटविणे जिवावर बेतू शकते.

हिरवी शेंग साबणाने धुऊन, स्पिरिटमध्ये बुडवून, नंतर १५ ते २० मिनिटे विरंजक द्रावणात ठेवावी. हे द्रावण १० ग्रॅम कॅल्शियम हायपोक्लोराइट १४० मिलिलिटर पाण्यात कालवून व गाळून करावे. ते त्याच दिवशी वापरावे. मग पेटीत उकळून घेतलेल्या चाकूने शेंग उभी चिरून, आतील बी चिमट्याच्या टोकाने माध्यमावर पातळ पसरावे. सुट्या बियांसाठी हेच द्रावण, साबणाच्या एका थेंबासह, १० ते १५ मिनिटे वापरावे व नंतर उकळून निवविलेल्या पाण्याने बी धुवावे. बी दाट पेरण्याचा मोह टाळावा. चिमूटभर भुकटीत हजारो बिया असतात, आणि गर्दीत कोणालाच वाढता येत नाही.

पहिल्या खेपेस निम्म्या बाटल्या बिघडल्या तरी खचू नये. वीस बाटल्यांतून आठ स्वच्छ राहिल्या तरी एका शेतकऱ्याला सांभाळता येतील त्याहून अधिक रोपे होतात. एकच बाटली पेरून नशिबावर विसंबणे मात्र चुकीचे होय.

बाटलीतील एक वर्ष

बाटल्या २४ ते २७ अंश तापमानात, मंद उजेडात ठेवाव्यात. उन्हात बाटली भट्टीसारखी तापते व आतील सर्व काही शिजून जाते. सांगली, तासगाव, मिरज या बाजूस एप्रिल-मे महिन्यांत घराबाहेर पारा चाळीसच्या आसपास जातो. तेव्हा जाड भिंतींची, उत्तरेकडील खोली निवडावी व खिडकीस ओले गोणपाट लावावे. पाचगणी-महाबळेश्वरकडे उलट काळजी घ्यावी लागते. हिवाळ्यातील रात्रीच्या थंडीत या उष्ण हवेतील जातींची वाढ थांबते. तेथे दिव्याच्या उबेची पेटी उपयोगी पडते.

दोन ते सहा आठवड्यांत बी फुगून हिरवट गोळा दिसू लागतो. याला मूळ नसते, पानही नसते. तो आमरीचा आद्यकंद होय. तीन-चार महिन्यांत त्यावर पहिले पान येते, मग मूळ. गर्दी झाली की, सुमारे चौथ्या ते सहाव्या महिन्यात, ही रोपटी त्याच निर्जंतुक रीतीने नव्या बाटल्यांत विरळ करावीत. या दुसऱ्या माध्यमात लिटरमागे १०० ते १५० मिलिलिटर नारळाचे पाणी, ५० ग्रॅम पिकल्या केळ्याचा गर व २ ग्रॅम कोळशाची पूड घातल्यास मुळे चांगली सुटतात.

बाटलीबाहेर

बाटलीत वाढलेले रोप ऐषारामात वाढलेले असते. त्याला वारा माहीत नसतो, तहान माहीत नसते. म्हणून बाहेर काढण्याचा मुहूर्त महत्त्वाचा. मार्च ते मे या काळात ते बाहेर काढू नये. मृगाचा पाऊस स्थिरावून हवा दमट झाल्यावर, जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंतचा काळ आपल्या दोन्ही जिल्ह्यांस योग्य आहे. त्यामुळे हिवाळ्यापूर्वी रोपांस मुळे धरण्यास तीन-चार महिने मिळतात. हा हिशेब उलटा मांडून पेरणीची वेळ ठरवावी.

रोपे कोमट पाण्यात हलवून अगराचा प्रत्येक कण धुवून काढावा, कारण राहिलेली साखर कुजीला आमंत्रण देते. अर्धा तास सावलीत ठेवून वरचे पाणी सुकू द्यावे. पसरट कुंडीत कोळशाचे व विटांचे बारीक तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे भिजविलेले तुकडे भरून त्यात वीस-पंचवीस रोपे एकत्र लावावीत. माती मुळीच घालू नये. शेणखत घालण्याची सवय येथे घातक ठरते. आमरीची मुळे हवेत वाढणारी असून खताच्या लगद्यात ती गुदमरून कुजतात. पहिले दोन-तीन आठवडे कुंडीवर काच किंवा प्लॅस्टिकचा कागद सैलसर ठेवून तो रोज थोडा थोडा उघडावा. वर ७५ टक्के सावलीची जाळी असावी. पुढे ती ५० टक्क्यांवर आणता येते.

पाण्याविषयी कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी विशेष सावध असावे. वाळवा, मिरज, पलूस या तालुक्यांतील क्षारपड पट्ट्यांत विहिरीचे पाणी उसाला चालते, पण आमरीला चालत नाही. पानांची टोके करपणे व मुळांची टोके काळी पडणे ही त्याची खूण. पावसाळ्यात पत्र्यावरील पाणी एका टाकीत धरले तर काही कुंड्यांची वर्षाची गरज भागते. पाणी सकाळी फवारावे; सायंकाळपर्यंत पाने कोरडी व्हावीत. खत म्हणून द्राक्षबागेत वापरतात तेच १९:१९:१९ चालते, पण लिटरमागे अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि मध्येच एकदा निव्वळ पाण्याने मुळे धुवावीत. द्राक्षाचे प्रमाण येथे लावल्यास रोपे जळतील.

वर्षभराने रोपे एकेकटी लहान कुंडीत किंवा झाडाच्या खडबडीत सालीवर हलवावीत. सालीवर बांधताना सुती दोरा वापरावा. मुळे पकड घेईपर्यंत तो टिकतो व नंतर आपोआप कुजून जातो. पश्चिम पट्ट्यात घराजवळचा आंबा, जांभूळ किंवा उंबर यास उत्तम. पूर्वेकडील कोरड्या हवेत जाळीखालील कुंड्याच बऱ्या. तेथे वांदा टेसेलाटा ही जात निवडावी.

यातून काय मिळेल

बी पेरल्यापासून पहिले फूल दिसण्यास सामान्यतः तीन ते पाच वर्षे लागतात. म्हणून उसाच्या किंवा द्राक्षाच्या जागी आमरी घ्यावी, असा सल्ला कोणी देत असल्यास तो मानू नये. हा मुख्य पिकाचा धंदा नव्हे. परंतु ज्यांच्याकडे भाजीपाल्याच्या रोपांसाठी सावलीची जाळी आधीच आहे, ज्या महिला बचत गटांना थोड्या जागेत निगुतीचे काम हवे आहे, किंवा ज्या माध्यमिक शाळेत विज्ञानाचा उत्साही शिक्षक व एक प्रेशर कुकर आहे, त्यांना हे काम साधेल. कास, महाबळेश्वर, पाचगणी येथे येणाऱ्या पर्यटकांस बियांपासून वाढविलेले, पावतीसह विकलेले रोप देता आले, तर रानातून ओरबाडून आणलेल्या आमरीचे गिऱ्हाईक कमी होईल. परदेशी व्यापारावर तर १९७५ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये सर्वच आमरींच्या बाबतीत नियंत्रण आहे. म्हणून रोप कोठून आले याची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी. तीत मातृवृक्षाची जागा, परागणाची तारीख, शेंग उतरविल्याची तारीख आणि बाटल्यांची संख्या लिहावी. हीच नोंद पुढे विकणाऱ्याचे रक्षण करते.

रानातून उपटून आणलेली आमरी बहुधा एक-दोन हंगामांत मरते. मुळे तुटलेली, हवा बदललेली, सोबतची बुरशी मागे राहिलेली. त्या झाडाने जगावे तरी कसे? आणि ते मेले की रानातील त्याची पुढील प्रत्येक शेंगही गेली. याउलट परसातील एका झाडाची एकच शेंग घेतली तर मूळ झाड जागच्या जागी राहते, व बाटलीत त्याची शेकडो रोपे उभी राहतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम पुढील तीन गोष्टी कराव्यात. बांडगूळ काढण्याची मोहीम घेताना शेतकऱ्यांना प्रत्यक्ष फांदीवर बांडगूळ व आमरी यांतील भेद दाखवावा. गावातील कोणत्या झाडांवर कोणत्या आमरी आहेत याची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत करून घ्यावी. आणि ज्याला बी पेरून पाहावयाचे असेल त्याला जवळच्या कृषि विज्ञान केंद्राशी किंवा महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी जोडून द्यावे. क्षार, काटा व सल्ला तेथे मिळू शकतो.

यांपैकी पहिल्या कामास एक पैसाही लागत नाही. येत्या मृगापूर्वी आंब्याखाली उभे राहून, कोयता चालविण्याआधी एकदा वर नीट पाहावे. मुळे सालीवर पांढरी दिसली, तर ती फांदी तशीच राहू द्यावी. बाटलीत पेरावयाचे पुढील वर्षीचे बी तेथेच आहे.